मिरजेचा लेडीज तानपुरा: नोकरी करून गाणाऱ्यांनी घ्यावा का?

तानपुरा म्हणजे गाताना मागे आधारसूर धरणारं चार तारांचं वाद्य; लेडीज म्हणजे बायकांच्या पट्टीसाठीचा, जरा लहान. वाद्य उत्तम आहे. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार, भरदार; जोडीच्या, म्हणजे एकाच सुरात लावलेल्या मधल्या दोन तारा एकजीव; लाकूडकामाला नाव ठेवायला जागा नाही. तरीही 'डोळे मिटून घ्या' असं मी म्हणणार नाही. ज्यांचं गाणं हेच पोटापाण्याचं काम आहे, त्यांना तानपुऱ्यातलं मी काय सांगणार? मी लिहितेय ते माझ्या जातकुळीच्या लोकांसाठी. दिवसभर काउंटरवर पासबुकं आणि केवायसीचे फॉर्म, सकाळ-संध्याकाळ लोकल, आणि गाणं उरल्यासुरल्या वेळात. अशा माणसाने तीस-पस्तीस हजार घालून खरा तानपुरा घ्यावा, की मोबाइलवर ॲप लावून मोकळं व्हावं? दोन पावसाळे हे वाद्य घरात काढल्यावर माझं जे मत झालंय, ते खाली.

आधी परिस्थिती सांगते, म्हणजे तुमची तुम्हाला ताडून बघता येईल. घर डोंबिवलीत, वन बीएचके, माणसं चार. शाखा फोर्टात. आठच्या सुमाराची फास्ट पकडायची तर साडेसहाला ओट्याशी उभं राहावंच लागतं. म्हणून रियाझ पहाटे, सव्वापाच ते सहा-सव्वासहा. संध्याकाळी घरी येऊन गाता येतं असं ज्या बायका म्हणतात त्यांचं मला कौतुक वाटतं. कल्याण लोकलमधून उतरल्यावर माझ्या गळ्यातून फक्त 'सरका जरा' एवढंच निघतं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, तेव्हा चार मुली शिकायला येतात. फी घेत नाही. बाहेरचं उत्पन्न नोकरीच्या नियमात बसवायचं तर परवानगीचे कागद फिरवावे लागतात, आणि कागद मी दिवसभर फिरवतेच.

याआधी माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, म्हणजे तानपुऱ्याचा आवाज काढणारी छोटी पेटी, आमच्या बोलण्यातला 'बॉक्स'. अजूनही आहे आणि चालूच आहे. त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. या यंत्रामागे बंगळूरचे जी. राज नारायण हे नाव घ्यावं लागतं. हे गृहस्थ हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये इंजिनिअर आणि मनाने बासरीवाले. विमानांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला तंबोऱ्याची पेटी करावीशी वाटली, त्यातून पुढे राडेल कंपनी उभी राहिली आणि आमच्यासारख्या हजारो घरांत पहाटे सूर लागायला लागला. बटण दाबलं की काळी चार, म्हणजे माझी गायची पट्टी. ज्यात पंचम नाही असा ललत राग गायचा असेल तर पंचमाचा मध्यम करायला एक खटका. वीज गेली तर बॅटरी. ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी मावतो. पुण्याला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत उशीखाली ठेवून मी त्याच्यावर गायले आहे. खऱ्या तानपुऱ्याला हे जन्मात जमायचं नाही.

मग तक्रार काय? आवाजाची म्हणाल तर फारशी नाही. तक्रार अशी की तो ड्रॉवरमध्ये मावतो. रियाझ झाला की ड्रॉवरमध्ये, त्यावर इस्त्रीचे कपडे, त्यावर लाइटची बिलं. घरात कोणाला मी गाते याचा उपद्रव नव्हता आणि आठवणही नव्हती. पाहुणे येणार म्हटलं की पहाटेचा तास बिनबोभाट कापला जायचा. मार्च एंडिंगला मीच कापायचे. शाखेत तर निरोप समारंभाला 'मॅडम, एखादं भावगीत होऊन जाऊ द्या' यापलीकडे विषय जात नसे. त्यांना काय दोष द्यायचा. माझी स्वतःचीच वागणूक तशी होती.

तर मिरज. महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला थांबते आणि सकाळी मिरजेत सोडते, त्यामुळे रजा एकच पडली. सतारमेकर गल्लीत शिरलात की दुकानांच्या पाट्या वाचायची गरज नाही, ओसरीवर, पायरीवर, जिन्यात जिकडेतिकडे भोपळे. हे आपल्या भाजीतले भोपळे नव्हेत; कडू जातीचे, जाड सालीचे, सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे. महिनोन्‌महिने वाळवलेले. वर दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, तुणीच्या लाकडाची. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचं काम आटत गेलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याबजावण्याला मान होता, आणि यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीतून वाद्यं घडवण्याकडे मोर्चा वळवला. आडनावच सतारमेकर झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा गिऱ्हाईक म्हणून फायदा एवढाच की 'मिरज स्टाइल' म्हणून भलतंच काही गळ्यात मारणाऱ्याला आता चार प्रश्न विचारता येतात. जाता जाता दर्ग्यात जाऊन किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या कबरीपाशी बसून आले. मिरजेला जाऊन ते न करणं बरं दिसत नाही.

मी ज्या कारागिरांकडे गेले त्यांचं नाव देत नाही. गल्लीत सात-आठ घरं तरी याच तोडीची असतील, तुम्ही चार ठिकाणी वाजवून बघा. चाचांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वराचा. काळी चार म्हटल्यावर दुसरा, 'ताई, रोज वाजवणार की शोला ठेवणार?' मला वाटलं, विक्रीची बोलणी आहेत. तसं नव्हतं. शोभेसाठी नेणाऱ्यांना ते नक्षीकाम जास्त असलेला, दिसायला देखणा नग दाखवतात; रोज वाजवणाऱ्याला साधा, पण वर्ष-दीड वर्षापूर्वी करून ठेवलेला, लाकूड बसलेला. मला त्यांनी आतल्या खोलीतून आणून दिला तो दुसरा. पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी अगदी जुजबी, गळ्याशी एक वेल आणि संपलं. पॉलिश चपड्याचं, मधाळ रंगाचं. उंची चार फुटांच्या आत. तीस हजारांच्या आसपास पडला, कव्हर वेगळं.

त्यावर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बदलून जवारी नव्याने काढून द्यायची होती; जवारी म्हणजे काय ते पुढे सांगते. दिवाळीच्या आधी देतो म्हणाले, तुळशीचं लग्न झाल्यावर मिळाला. फोनवर दर वेळी एकच उत्तर, 'जवारी उतरत नाही अजून, ताई.' तेव्हा चिडले होते. दिवाळी पहाटेचा आमच्या सोसायटीतला कार्यक्रम पुन्हा पेटीवाल्या तानपुऱ्यावर झाला.

आता जवारीबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे त्याचेच आहेत. तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते, पण असते किंचित उतरती. तार तिच्यावर टेकते आणि हळूहळू, लांबवर घासत सुटते. ही उतरण कानसने घासून काढायची म्हणजे जवारी काढणं. केसाएवढा जास्त उतार झाला की तार मुकी, कमी झाला की खरखर. त्यावर तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. घरी आणल्यावर तारा लावल्या, सूर बरोबर होता, पण पंचमाची तार काही केल्या बोलेना. टकटक वाजायची आणि विझायची. चाचांना फोन केला. म्हणाले, 'धागा नखाने मागं घ्या. हळू. तांदळाच्या दाण्याएवढा पण नको.' घेतला, काही नाही. पुन्हा एक अंशभर. आणि मग तार उघडली. तीच तार, तोच सूर, पण आता छेडल्यावर आवाज विझण्याऐवजी वाढत जायला लागला, त्यातून आणखी स्वर निघायला लागले. चारही तारांचे जीव असे बसले आणि खर्ज नीट मिळाला, की कोणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. गाण्यातले लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या बाई शिकवताना म्हणायच्या, 'गंधार ऐकू आला का? नाही? मग अजून लाव.' बॉक्सवर शिकत होते तेव्हा मी नुसती मान डोलवायचे.

हा गंधार येतो कुठून, हे शोधणाऱ्यांत आमच्या लाइनचा एक माणूस होता, हे कळलं तेव्हा मला भलताच आनंद झाला. सी. व्ही. रामन 1907 मध्ये सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी म्हणून लागले, दहा वर्षं हिशेब तपासणीची नोकरी केली. मधे बदली रंगूनला, मग आपल्या नागपूरला, मग परत कलकत्त्याला. ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते कलकत्त्यातल्या इंडियन असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत तारांच्या कंपनांवर काम करत. 1917 मध्ये कमी पगारावर प्राध्यापकी पत्करून त्यांनी खातं सोडलं, आणि 1921 मध्ये तंबोरा-वीणेच्या घोडीवर लिहिलं. मुद्दा असा की एका तारेतून मूळ स्वरासोबत वरचे बारीक स्वरही निघतात, ते उपस्वर; तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, म्हणजे तारेची न हलणारी जागा, पडतो तो उपस्वर उमटू नये, असा तोवरचा शास्त्रातला नियम. आपल्या घोडीच्या उतरणीमुळे तार सतत टेकत-सुटत राहते आणि तंबोऱ्यात तो नियम टिकत नाही. जे स्वर निघायला नकोत तेही ठणठणीत निघतात. कारागिरांना हे सूत्रात मांडता आलं नसेल, पण कानस कुठे थांबवायची हे ठाऊक होतं. आमच्या शाखेत ऑडिटला आलेल्या साहेबांना मी ही रामन यांची गोष्ट ऐकवली. त्यांनी विचारलं, 'मग व्हाउचर मिळालं का?' असो.

आता रोजच्या वापरातलं. सव्वापाचला उठून तानपुरा घ्यायचा, तर मिळवायला, म्हणजे तारा सुरात लावायला, वेळ लागतोच. हवा कोरडी असेल तर पाच मिनिटं, पावसाळ्यात पंधराही जातात. जुलैमध्ये खुंट्या फुगतात आणि हलता हलत नाहीत. एप्रिलमध्ये उलट, सुटतात आणि तार सैल पडते. त्यावर उपाय साधा, खुंटीला शाळेतला खडू फासायचा. मोठी तफावत खुंटीवर, बारीक सारीक घोडीखालच्या मण्यांवर. सुरुवातीला चाचांनी बजावलं होतं, 'तारा नव्या आहेत, आठ दिवस त्या तुमचं ऐकणार नाहीत.' त्यांनी पंधरवडा घेतला. पंख्याखाली ठेवायचा नाही, खिडकीच्या उन्हात नाही, भिंतीला टेकवून उभा तर मुळीच नाही, कारण घसरला तर भोपळा फुटतो आणि भोपळा सांधता आला तरी मन सांधत नाही. आडवा ठेवायचा. वन बीएचकेत चार फुटी वस्तू आडवी ठेवायची म्हणजे काय, ते वन बीएचकेवाल्यांनाच कळेल.

पंधरा मिनिटं गेली की रियाझाला उरतात पस्तीस-चाळीस. पहिल्या महिन्यात मी हिशेब करून वैतागले. नोकरी करणाऱ्याला हा सौदा परवडतो का, या प्रश्नाचं कोरडं उत्तर आहे, नाही. वेळेच्या दृष्टीने बॉक्स जिंकतो, वादच नाही.

पण एक गोष्ट झाली, जिचा अंदाज विकत घेताना नव्हता. बॉक्स होता तेव्हा मी रोज राग बदलायचे. आज तोडी, उद्या ललत, परवा बैरागी. खटक्यावर सगळं मिळत होतं ना. तानपुऱ्यावर ललतसाठी पंचमाची तार उतरवून मध्यमावर आणायची, जवारीचा धागा पुन्हा जुळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत चढवायचं. कोण करणार पहाटे? तेव्हा पंचमावर लावलेली तार तशीच राहिली आणि आख्खा हिवाळा तोडी गायले. आळसापायी. नुसता आळस. पण फेब्रुवारीत बाईंना भेटले, तर त्यांनी आलाप मधेच थांबवला नाही. हे आजवर कधी घडलं नव्हतं. खालच्या सप्तकातला माझा कोमल धैवत आधी दर वेळी थोडा वर चढायचा, तो जाग्यावर आला होता. याचं श्रेय वाद्याच्या आवाजाला किती आणि गैरसोयीला किती, मला वेगळं काढता येत नाही. माझा कौल गैरसोयीला.

दुसरी गैरसोय म्हणजे आकार, आणि हिच्यावर मी जास्त खूश आहे. तानपुरा ठेवायला हॉलमधली टीव्हीखालची लांब फळी रिकामी करावी लागली. सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं. तिथे त्यांच्या स्वेटरच्या पिशव्या होत्या. मग एक दिवस बघते तर त्यांनी फळीवर जुनी सतरंजी दुहेरी करून अंथरली होती आणि नातवाला दम देत होत्या, 'बॉल तिकडे गेला तर बघ.' येणारा जाणारा विचारतो, 'हे कोण वाजवतं?' आणि उत्तर मला द्यावं लागत नाही. गेल्या मे महिन्यात नणंदेकडची मंडळी मुक्कामाला येणार होती. हॉलमध्ये गाद्या पडणार, म्हणजे पहाटेचा रियाझ बंद, असं मी गृहीत धरलं होतं. सासूबाईंनी परस्पर ठरवलं, 'पाहुणे आत झोपतील, हिला पाचला हॉल लागतो.' इतकी वर्षं ड्रॉवरमधल्या पेटीसाठी हे वाक्य कोणी बोललं नव्हतं, आणि बोलायला मी लावलंही नव्हतं. ॲपवाल्यांनी याचा विचार करावा. आवाज कितीही हुबेहूब असो, मोबाइलमधलं गाणं घरच्यांना मोबाइलच वाटतं.

शाखेतही थोडा फरक पडला, तो मात्र उलट्या बाजूने. अधिकारी पदाची परीक्षा मी देत नाही, कारण दिली की बदली. याची कारणं पूर्वी मी मुलाची शाळा, सासूबाईंची तब्येत अशी सांगायचे. आता सरळ सांगते की गाणं आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, 'त्यासाठी कोणी पगार सोडतं का?' सोडतं. नोकरी सोडून पूर्ण वेळ गा, असा सल्लाही अधूनमधून मिळतो, बहुतेक पूर्ण वेळ न गाणाऱ्यांकडून. मला ते नको आहे. महिन्याच्या शेवटी पगार जमा होतो म्हणून मला कोणाच्या हळदीकुंकवाला फर्माइशी पुरवाव्या लागत नाहीत आणि तोडी आख्खा हिवाळा गाता येते. फक्त मार्चचा शेवटचा आठवडा सोडून द्यावा लागतो. त्या दिवसांत तानपुरा उघडतसुद्धा नाही, उगाच त्याला आणि मला त्रास.

दोष लिहायलाच हवेत. सोबत घेतलेल्या कव्हरची चेन महिन्याभरात गेली. कव्हर तिथे घेऊच नका, जाड कॅनव्हासचं शिवून घ्या, आत स्पंज घालून. जोडीच्या एका तारेची खुंटी सुरुवातीपासून नीट बसलेली नव्हती, ती चाचांच्या मुलाने मुंबई फेरीत घरी येऊन घासून दिली, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा. खर्जाच्या पितळी तारेवर डोंबिवलीच्या दमट हवेत काळपट थर धरतो, रियाझानंतर कोरड्या फडक्याने पुसावी लागते. वर्ष-दोन वर्षांत तारांनी घोडीवर खाचा पडतात, म्हणजे जवारी पुन्हा काढायची, म्हणजे कारागीर गाठायचा. हा खर्च आणि खटाटोप विकत घेताना कोणी बोलून दाखवत नाही. आणि लोकलमधून नेण्याचा विचारही करू नका. एका बैठकीसाठी ठाण्याला नेला तर येता-जाता टॅक्सी करावी लागली, आणि बैठकीचं मानधन म्हणजे शाल आणि नारळ.

कोणी घ्यावा? ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांनी मुळीच नाही. दर तीन वर्षांनी टेम्पोत भोपळा चढवण्यापेक्षा बॉक्स बरा. शिफ्ट ड्यूटीवाल्यांनी, दिवसाला वीसच मिनिटं मिळणाऱ्यांनीही नको. नुकतं शिकायला लागलेल्यांनी दोन वर्षं थांबावं, कारण तानपुरा मिळवता येणं हीच एक वेगळी विद्या आहे आणि बेसूर तानपुऱ्यावर गाण्यापेक्षा यंत्र शंभर पटींनी चांगलं. पण राहतं घर पक्कं आहे, पहाटेचा किंवा रात्रीचा तास रोजचा आहे, आणि गाणं घरात नुसतं खपवून घेतलं जातंय अशी बोच आहे, त्यांनी दिवाळीचा बोनस मोडावा. बॉक्स विकू मात्र नका. ताना घोटायला, प्रवासाला आणि जुलैतल्या ज्या दिवशी खुंटी हलतच नाही त्या दिवसाला तो लागतो.

जाणार असाल तर आधीच तयार असलेला, लाकूड मुरलेला नग मागा, ऑर्डर देऊन बनवून घेण्याच्या फंदात पडू नका. आपला स्वर सांगून तिथल्या तिथे तारा मिळवून घ्या आणि निदान अर्धा तास स्वतः गाऊन बघा. दुकानात लाज वाटते, पण तिथे सगळ्यांना सवय आहे. जीवाचा धागा कसा सरकवायचा हे त्यांच्याकडून हातात हात धरून शिकून घ्या, फोनवर ते समजत नाही. आणि तारांचा एक जादा सेट आठवणीने मागून घ्या, त्यातही पंचमाच्या दोन, कारण आधी तुटते ती तीच.